बाळंतपणातील आणीबाणी आणि एक्मो यंत्र : आपण काय करावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे एखादी संस्था अखंडपणे चालवणे ही सोपी गोष्ट नव्हे. ट्रस्टच्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्पक शब्दांत केला आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. मला आज एका प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. तीन महिन्यांपूर्वी आपले दोन विश्वस्त माझ्याकडे आले होते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सुवर्णमहोत्सवी निधीतून एखादे कायमस्वरूपी काम व्हावे अशी सर्वांची इच्छा आहे. बाळंतपणात अडलेल्या स्त्रीला वाचवणारे एक्मो नावाचे यंत्र असते असे ऐकतो. ते आपल्या भागातील एखाद्या रुग्णालयाला घेऊन द्यावे काय?" मी त्यांना त्या दिवशी उत्तर दिले नाही, विचारासाठी वेळ मागून घेतला. भूलतज्ज्ञ म्हणून माझी निम्म्याहून अधिक हयात प्रसूतिगृहांच्या शस्त्रक्रियागृहांत गेली आहे. त्या अनुभवाला स्मरून आज सर्वांसमक्ष उत्तर देतो.

यंत्र नेमके काय करते?

एक्मो हे नाव आपल्यापैकी अनेकांनी डिसेंबर २०१६ मध्ये प्रथम ऐकले असेल. तमिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांना अखेरच्या काळात चेन्नईमध्ये या यंत्रावर ठेवण्यात आले होते. पुढे २०२० मध्ये ज्येष्ठ गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आजारपणात हे नाव पुन्हा वृत्तपत्रांत झळकले. दुर्दैवाने दोघेही वाचू शकले नाहीत. त्यामुळे 'एक्मो लावले म्हणजे आता आशा नाही' असा समज लोकांत रूढ झाला. बाळंतिणीच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे.

यंत्राची रचना समजण्यास अवघड नाही. मांडीतील किंवा मानेतील मोठ्या शिरेत जाड नळी घालून शरीरातील काळसर, अशुद्ध रक्त बाहेर घेतले जाते. एक पंप ते मिनिटाला चार-पाच लिटर इतक्या वेगाने एका डबीसारख्या भागातून पुढे ढकलतो. या डबीत केसासारख्या बारीक अशा हजारो पोकळ नळ्या असतात. नळ्यांच्या आतून प्राणवायू वाहतो आणि बाहेरून रक्त वाहते. नळीच्या पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात शिरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि लालभडक झालेले रक्त दुसऱ्या नळीने शरीरात परत जाते. केवळ फुफ्फुसे निकामी झाली असतील तर हे रक्त शिरेत परत सोडतात. हृदयही थकले असेल तर ते धमनीत सोडतात, म्हणजे हृदयाचे कामही यंत्र करते.

मात्र हे यंत्र कोणताही रोग बरा करीत नाही. महामार्गावरील पुलाची दुरुस्ती चालू असताना बाजूने वळणरस्ता काढतात ना? वळणरस्त्यामुळे पूल दुरुस्त होत नाही. दुरुस्ती होईपर्यंत वाहतूक तेवढी चालू राहते. एक्मो हा तसा वळणरस्ता आहे. पूल दुरुस्त होण्यासारखा असेल तरच त्याचा उपयोग. म्हणूनच बाळंतिणीला त्याचा लाभ अधिक होतो. ती वयाने तरुण असते, तिचे इतर अवयव निरोगी असतात आणि तिच्यावर कोसळलेले संकट पुष्कळदा काही दिवसांत ओसरणारे असते. जगभरातील नोंदी पाहता, गरोदरपणात वा बाळंतपणानंतर एक्मोवर ठेवलेल्या दहा स्त्रियांपैकी सुमारे सात स्त्रिया वाचल्या आहेत. यंत्राशिवाय ज्यांची आशा जवळजवळ सोडून दिली जाते, अशा रुग्णांमधील हे प्रमाण आहे.

यंत्राचा जन्म

या यंत्राच्या जन्माची कथाही एका स्त्रीच्या मृत्यूपासून सुरू होते. १९३०-३१ च्या सुमारास अमेरिकेतील बोस्टन येथे एका स्त्रीच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली. जॉन गिबन नावाचा तरुण डॉक्टर रात्रभर तिच्या उशाशी बसून होता. सकाळी शस्त्रक्रिया झाली, परंतु ती वाचली नाही. तिच्या शरीरातील रक्त काही काळ बाहेर घेऊन त्यात प्राणवायू मिसळून परत देता आले असते तर, हा विचार त्या रात्री गिबन यांच्या मनात आला. पत्नीला सोबतीस घेऊन त्यांनी दोन दशके प्रयोग केले आणि ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र यशस्वीपणे बंद केले. फुफ्फुसात अडकणारी ती गुठळी आजही गरोदर व बाळंत स्त्रियांचे प्राण घेणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

फिलाडेल्फिया हे नाव मराठी माणसाला परके नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये त्याच नगरीतून डॉक्टर झाल्या. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले होते आणि त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या होत्या. परतल्यावर आपल्या शेजारच्या कोल्हापुरात अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाचे काम त्यांना पाहावयाचे होते. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम राहून गेले.

गिबन यांचे यंत्र शस्त्रक्रियेपुरते, काही तासच चालत असे. ते दिवसेंदिवस चालवता येईल असे करण्याचे श्रेय अनेकांचे आहे, त्यांत डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांचे नाव अग्रभागी येते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात एक नवजात अर्भक पोटातच केलेली शी श्वासावाटे फुफ्फुसात गेल्यामुळे मरणोन्मुख झाले होते. बार्टलेट यांनी त्या बाळाला या यंत्रावर ठेवले आणि ते वाचले. परिचारिकांनी त्या मुलीचे नाव ठेवले 'एस्पेरांझा'. त्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'आशा'.

बाळंतपणात याची गरज कधी पडते?

काही प्रसंग मोजकेच, परंतु अतिशय गंभीर असतात. गर्भजल आईच्या रक्तात शिरले तर ती बोलता बोलता धाप लागून कोसळते आणि पाठोपाठ रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. पायातील रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाते. बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यात किंवा नंतरच्या पाच महिन्यांत काही स्त्रियांच्या हृदयाचा स्नायू अकस्मात दुर्बल होतो. लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापाने हृदयाची झडप आकसलेली असते आणि ती गोष्ट प्रथम गरोदरपणातच उघडकीस येते. शिवाय फुफ्फुसांचा तीव्र संसर्ग आहेच. स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. त्या साथीत आणि पुढे कोरोनाच्या साथीत गरोदर स्त्रियांना अधिक धोका असतो, हे सर्व जगाने पाहिले. अशा वेळी कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्रही अपुरे पडू लागते आणि एक्मोचा विचार करावा लागतो. मूल पोटात असतानाही एक्मो लावता येते. प्रत्येक वेळी प्रसूती आधी उरकून घ्यावी लागतेच असे नाही.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते आणि बाळंतिणीच्या गर्भाशयात वार सुटल्याची जखम ओलीच असते. औषध अधिक झाले तर जखम वाहू लागते, कमी झाले तर यंत्रात गुठळी होते. हा तोल चोवीस तास सांभाळण्यास यंत्र चालवणारा तंत्रज्ञ, अतिदक्षता विभागाचे डॉक्टर, हृदयशल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, सुसज्ज रक्तपेढी आणि विशेष शिकलेल्या परिचारिका लागतात. खर्च काही लाखांत जातो. सुधारणा होणार नाही हे स्पष्ट झाले तर यंत्र थांबवण्याचा निर्णयही घ्यावा लागतो, आणि त्याची कल्पना कुटुंबाला आधीच द्यावी लागते.

एका रात्रीची हकिकत

आता एक अनुभव सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मुलीचे सासर सातारा जिल्ह्यात, माहेर सांगली जिल्ह्यात. आपल्या रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. शेवटचे तीन आठवडे तिला आडवे झोपता येत नव्हते. उशाला दोन-तीन उशा घेऊन ती बसूनच डुलकी घेई. रात्री कोरडा खोकला येई, पायांवर सूज होती. घरातील मोठी माणसे म्हणत, "पहिलटकरीण आहे, व्हायचंच असं." त्यांचे प्रेम कमी नव्हते, कोणालाच त्या लक्षणांचा अर्थ ठाऊक नव्हता.

प्रसूती सुखरूप झाली. तिसऱ्या रात्री साडेअकरा वाजता तिला आम्ही काम करीत असलेल्या रुग्णालयात आणले, तेव्हा तिला एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. हृदयाचा स्नायू अत्यंत दुर्बल झाला होता आणि फुफ्फुसात पाणी भरले होते. आम्ही तिला कृत्रिम श्वासावर घेतले, हृदयाला बळ देणारी औषधे सुरू केली. रात्री एकच्या सुमारास माझ्या लक्षात आले की औषधे पुरी पडत नाहीत. पुण्याला एक्मोचे पथक आहे, हे मला माहीत होते. तरीही मी दूरध्वनी केला तो सकाळी सहा वाजता.

मधले पाच तास कोठे गेले, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. साताऱ्याकडून तिच्या सासरची मंडळी निघाली होती; 'थोरले आल्याशिवाय निर्णय नको' असे माहेरचे लोक म्हणत होते. एवढ्या खर्चाचे नाव काढावे कसे, याचा मला संकोच वाटत होता. आणि तिसरे कारण माझे एकट्याचे होते. 'सकाळपर्यंत पाहू' असे मी मनाला समजावले. पलीकडच्या डॉक्टरांनी सारी माहिती ऐकून एवढेच विचारले, "एक वाजताच फोन का केला नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पथक तातडीने निघाले. ते सातारा ओलांडत असताना, सकाळी नवानंतर, ती गेली.

वेळेवर दूरध्वनी केला असता तर ती खात्रीने वाचली असती असे मी म्हणणार नाही. संधी मिळाली असती, एवढे मात्र नक्की. पुढे तिच्या सासरच्यांनी तिचे साताऱ्याच्या दवाखान्यातील जुने कागद मला आणून दाखवले. त्यात सातव्या महिन्यातील तपासणीच्या पानावर डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरांत लिहिले होते : नाडी जलद; हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. ती फाइल सासरच्या कपाटात राहिली होती. मुलगी माहेरी आली, कागद आला नाही. तिचे बाळ आज शाळेत जाते.

थोडा हिशेब करू

आपण व्यापारी समाजातील माणसे आहोत, तेव्हा हिशेब मांडल्यावाचून निर्णय घेऊ नये. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ३ हजार आणि सांगलीची २८ लाख २२ हजार, म्हणजे एकत्रित सुमारे ५८ लाख. राज्याचा जन्मदर हजारी सुमारे पंधरा धरला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला साधारण ८७ हजार प्रसूती होतात.

गर्भजल रक्तात शिरण्याचा प्रकार लाखात दोन ते सहा प्रसूतींत घडतो. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला दोन ते पाच स्त्रिया. हृदय दुर्बल होणे, गुठळी, संसर्ग हे सारे मिळवले तरी एक्मोपर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच राहतील. याउलट प्रसूतीनंतर अति रक्तस्राव होण्याचे प्रमाण शंभरात पाच धरले, तरी वर्षाला चार हजारांहून अधिक स्त्रियांवर तो प्रसंग येतो. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर ते पाऊण लिटर रक्त वाहत असते आणि शरीरात एकूण रक्त असते पाच-सहा लिटर. वार पडल्यावर गर्भाशय आकसले नाही, तर किती मिनिटे हाती उरतात हे आपणच मोजा.

आणखी एक आकडा सांगतो. महाराष्ट्रात २००४-०६ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. त्या वेळी देशाचे प्रमाण ९७ होते. हे यश कोणत्याही एका महागड्या यंत्राचे नाही. स्त्रिया रुग्णालयात बाळंत होऊ लागल्या, आशा कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, गर्भाशय आकसवणारे इंजेक्शन वेळेवर मिळू लागले, रक्तपेढ्या वाढल्या, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. तरीही राज्याच्या त्याच सरासरीने पाहिले तर आपल्या दोन जिल्ह्यांत वर्षाला तीसच्या आसपास माता दगावतात असे धरावे लागते. त्यातील बहुतेकींना एक्मोच्या कितीतरी आधीच्या पायरीवर मदत हवी असते.

त्या पायऱ्याही आज पुष्कळ पक्क्या झाल्या आहेत. रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त इंजेक्शन दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २१ देशांतील वीस हजार स्त्रियांच्या अभ्यासातून २०१७ मध्ये सिद्ध झाले. २०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांतून दुसरा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतिणीच्या खाली खुणा केलेली साधी प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजले आणि ठरलेले सर्व उपचार एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे प्रमाण त्यामुळे साठ टक्क्यांनी घटले. नजरेने रक्ताचा अंदाज नेहमी कमी येतो. पिशवीवरील खूण चुकत नाही.

माझे उत्तर

तेव्हा विश्वस्तांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : सुवर्णमहोत्सवी निधीतून एक्मो यंत्र घेऊ नये.

यावर कोणी म्हणेल, "पुणे लांब आहे. सांगलीपासून सव्वादोनशे किलोमीटर, वाटेत खंबाटकी घाट. म्हणूनच तर यंत्र येथे हवे." हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. परंतु एक्मोची जागतिक संघटना सांगते की ज्या केंद्राला हे काम करायचे आहे, त्याने वर्षाला किमान सहा रुग्ण तरी हाताळले पाहिजेत. आणि अधिक रुग्ण हाताळणाऱ्या केंद्रांत अधिक रुग्ण वाचतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. वर्षातून एकदा उघडल्या जाणाऱ्या यंत्रावर कोणाचा हात बसणार? ते कोपऱ्यात झाकून ठेवलेले असेल, त्याच्या नळ्यांची मुदत संपलेली असेल आणि ज्या रात्री गरज पडेल त्या रात्री ते जोडता येणारा माणूस नसेल. देणगीदारांच्या नावाची पाटी तेवढी चकचकीत राहील.

मिरजेला १८९४ पासून वानलेस रुग्णालयाची परंपरा आहे, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कऱ्हाडला मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा एखाद्या शिक्षणसंस्थेने स्वतः होऊन हृदयशस्त्रक्रिया विभागाच्या जोडीने पूर्ण पथक उभे करण्याचे ठरवले, तर आपण अवश्य मदत करू. आणि त्या वेळीही प्रथम परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलू.

शिवाय यंत्र रुग्णाजवळ येऊ शकते, हे आपण आताच ऐकले. अनुभवी पथक गाडीतून यंत्र घेऊन येते, रुग्णाला जेथे आहे तेथेच त्यावर घेते आणि मग सोबत नेते. त्यासाठी आपल्या बाजूने लागतो तो वेळेवर केलेला एक दूरध्वनी.

मग निधीचे काय करावे?

माझ्या पाच विनंत्या आहेत.

पहिली, रक्ताची. रक्तदान शिबिरे आपण घेतो, परंतु एका दिवशी शंभर बाटल्या आणि पुढे सहा महिने शांतता, असे होते. त्याऐवजी दात्यांची सतत ताजी ठेवलेली यादी हवी. निगेटिव्ह गटाच्या दात्यांची नोंद स्वतंत्र असावी, मध्यरात्रीही उचलला जाईल असा क्रमांक असावा. ही यादी दोन्ही जिल्ह्यांतील मान्यताप्राप्त रक्तपेढ्यांशी जोडलेली असावी. जत-आटपाडीच्या टोकाला किंवा पाटण-जावळीच्या डोंगरात बाळंत होणाऱ्या स्त्रीला रक्त जवळ हवे.

दुसरी, दूरध्वनीची. पुणे-मुंबईतील एक्मो केंद्रांशी आजच बोलून ठेवावे. कोणत्या लक्षणांवर फोन करावयाचा, कोणी करावयाचा, हे एका पानावर लिहून प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावावे. 'यंत्र लागेल अशी खात्री झाल्यावर' फोन करू नये; 'लागेल की काय' अशी शंका आली की करावा. गरज पडली नाही तर कोणाचेच नुकसान नाही. माझ्यासारख्या अनुभवी म्हणवणाऱ्या डॉक्टरलाही त्या रात्री असा एक कागद समोर असता तर बरे झाले असते.

तिसरी, पहिल्या चोवीस तासांच्या खर्चाची. निधीचा एक भाग राखून ठेवावा. रुग्णवाहिका, अनामत रक्कम, पथकाचा प्रवास, एवढ्यासाठी ट्रस्टच्या एका शब्दावर काम सुरू व्हावे. परतफेडीचा, शासकीय योजनांचा विचार दुसऱ्या दिवशी करता येईल. जातपात, धर्म न पाहता ही मदत मिळावी, हे मी आपणांस वेगळे सांगावयास नको. औषधदान आणि अभयदान हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

चौथी, प्रशिक्षणाची. रक्त मोजण्याच्या पिशव्या, सरावाचे पुतळे आणि दर तीन महिन्यांनी रंगीत तालीम. गरोदर स्त्रीचे हृदय बंद पडले तर काय करावे, हे प्रत्येक परिचारिकेला हातांनी येत असावे. पाच महिन्यांनंतरचे गर्भाशय पाठीवर झोपलेल्या आईच्या मोठ्या शिरेवर दाब देते, म्हणून छातीवर दाब देत असतानाच ते हाताने डावीकडे सरकवावे लागते. चार मिनिटांत हृदय सुरू झाले नाही तर तेथेच शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढावे लागते; त्यात आईचेही प्राण वाचण्याची शक्यता वाढते. ही चार मिनिटे सरावाशिवाय साधत नाहीत.

पाचवी विनंती निधीची नाही, घराघराची आहे. मुलगी माहेरी निघाली की साडीचोळी, डिंकाचे लाडू यांच्या आधी तिची फाइल पिशवीत घालावी. ट्रस्टने एक छोटे कार्ड छापावे : रक्तगट, हिमोग्लोबिन, जुने आजार, सासर-माहेर दोन्हीकडचे डॉक्टर आणि दोन्हीकडचे फोन. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे की आडवे झोपल्यावर दम लागणे, रात्री खोकल्याने उठून बसणे, छातीत दुखणे, एकाच पायाला सूज येणे, डोके असह्य दुखणे, अंगावरून एकसारखे रक्त जाणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आपल्या राज्यात जवळजवळ निम्म्या गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असते. शाकाहारी घरांतून तर लोह आणि बी-१२ यांकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. फ्लूची लस गरोदरपणात घेता येते, ती घ्यावी. आणि कठीण प्रसंगी निर्णय कोणी घ्यावयाचा, हे दोन्ही व्याह्यांनी बसून सातव्या महिन्यातच ठरवावे. शक्य तर तो अधिकार जी रुग्णालयात शेजारी उभी असेल त्या आईला किंवा सासूला द्यावा. थोरल्यांचा मान त्यात कमी होत नाही.

समारोप

आपल्याच समाजातील कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. त्यांनी मोठी इमारत आधी उभारली नाही; आधी मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय केली. गरीब मुलगा शाळेपर्यंत का पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते. एक्मोचेही तसेच आहे. यंत्र पुण्यात आहे, ते चालवणारे हात तेथे आहेत. आपली स्त्री त्याच्यापर्यंत का पोहोचत नाही, याचा विचार आपण करावयाचा आहे.

विश्वस्त महोदय, यंत्रावर देणगीदारांची नावे कोरता येतात. रक्तदात्यांच्या यादीवर, भिंतीवरच्या कागदावर किंवा पिशवीतल्या कार्डावर ती कोरता येत नाहीत, याची मला कल्पना आहे. पण पुढच्या वर्षी अशीच एखादी मुलगी साताऱ्याहून सांगलीला माहेरी येईल. तिची फाइल तिच्यासोबत असावी, आणि रात्री एक वाजता तिच्या डॉक्टरने फोन उचलावा. तेवढे झाले तर सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे मी समजेन.